ताईच्या कम्प्युटरमधली धूळ

आधीच सांगतो, ही ऐकीव गोष्ट नाही. मित्राच्या मावसभावाला आलेला अनुभव वगैरे तर अजिबात नाही.

हे माझ्या घरात घडलं. जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी मोठी बहीण.

आणि यात अंधारी रात्र नाही, ओसाड रस्ता नाही. रविवारची दुपार होती. लख्ख ऊन पडलं होतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी मिक्सर चालवत होतं. आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बाहेरची खोली, खिडकीजवळचं टेबल. तिथून सगळं सुरू झालं.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आता आहे का, ते विचारू नका.

आधी ताईबद्दल सांगतो.

ताई नवऱ्याचं घर सोडून माझ्याकडे राहायला आली होती. का सोडलं ते सांगत बसलो तर वेगळीच भयकथा होईल. निघताना तो दारात उभा राहून म्हणाला होता, "जा, जा. भावाच्या जिवावर किती दिवस बसशील? मुकाट्यानं परत येशील."

हे वाक्य ताईच्या जिव्हारी लागलं. परत जायचं नाही म्हणजे नाही. पण त्यासाठी स्वतःची कमाई हवी.

ताईच्या हातात एक कला आहे. फर्निचरवाला स्वयंपाकघर बनवायला घेतो ना, त्याच्याआधी ते कसं दिसेल याचं चित्र ती कम्प्युटरवर काढून देते. कपाटं, ओटा, नळ, खिडकीतून पडलेलं ऊन, सगळं. फोटोच वाटावा असं. एका मोठ्या फर्निचरवाल्यानं तिला एका अख्ख्या इमारतीची स्वयंपाकघरं दिली होती. मुदत पुढच्या शनिवारपर्यंत.

"काम पसंत पडलं तर कायमचं तुमचं, मॅडम," तो फोनवर म्हणाला. "नाहीतर रांगेत बरेच आहेत."

घोडं अडलं माझ्या कम्प्युटरपाशी. तो मी कॉलेजात असताना घेतलेला. एक चित्र तयार व्हायला लावलं की ताई भात लावायची, आम्ही जेवायचो, भांडी घासून व्हायची, तरी ते चित्र अर्ध्यावर. आणि पूर्ण व्हायच्या बेतात आलं की पडदा निळा. सगळं गेलं.

"तुझा हा डबा मला परत त्या घरी पाठवणार बघ," ताई एकदा म्हणाली. हसत म्हणाली, पण मला हसू आलं नाही.

तेव्हा मी ठरवलं. कम्प्युटर सुधारायचा.

मला त्यातलं थोडंफार कळतं. ताई मला "व्हिडिओ बघून झालेला इंजिनिअर" म्हणते. नवीन मशीन घ्यायची ऐपत नव्हती. मग आमच्यासारखे लोक जे करतात तेच करायचं. कॅबिनेट जुनं, स्क्रीन जुना, डिस्क जुनी. फक्त आतलं काळीज बदलायचं. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि मेमरी. तीही कुणीतरी वापरलेली. मोडीत निघालेल्या मशीनमधून या तीन गोष्टी एकत्र काढून विकतात. त्याला दुकानदार 'सेट' म्हणतात.

बाजाराच्या मागच्या गल्लीत असं एक दुकान होतं. दुकानदार जाड भिंगांच्या चष्म्याचा. मी माझं बजेट सांगितलं, तेव्हा त्यानं नाक मुरडलं. मग जरा विचार केला आणि खाली वाकला.

सगळ्यात खालच्या फळीवर, बाकीच्या मालापासून लांब, एक पिशवी होती. गाठ मारलेली.

ती त्यानं फडक्यानं धरून वर काढली. हातानं नाही.

मला वाटलं, स्थिर विजेनं बोर्ड खराब होऊ नये म्हणून जपतोय. वा, माणूस जाणकार दिसतो!

माझी अक्कल ही अशी.

"एवढा चांगला सेट एवढ्या स्वस्तात?" मी विचारलं.

"पडून आहे, दादा. न्यायचा तर न्या."

"चालतो ना पण?"

"चालतो? अहो, बंदच होत नव्हता." तो हसला. मग एकदम हसायचा थांबला. "हा कॅबिनेटचा पंखाही न्या. त्याच मशीनचा आहे. मला नकोच आहे तो."

मी पंखाही घेतला. फुकट ते पौष्टिक.

"एकच करा," तो म्हणाला. "प्रोसेसरवर जो पंखा बसवलेला आहे, तो उघडू नका. आहे तसा सेट चढवा."

मी दुकानाबाहेर पडलो आणि सहज मागे वळून बघितलं. तो मागच्या बेसिनवर हात धूत होता. साबण लावून... कोपरापर्यंत.

रविवारी दुपारी मी टेबलावर कापड अंथरलं आणि पिशवीची गाठ सोडली.

आधी वास आला.

ओले कपडे बंद खोलीत राहिले की येतो, तसा. पण त्याच्या तळाशी काहीतरी गोड होतं. नासलेलं गोड.

"ई! काय आणलंस हे?" ताईनं पदर नाकाला लावला. ताईचं स्वच्छतेचं वेड सांगायला हवं. ती दिवसातून दोनदा फरशी पुसते. बाहेरून आलेल्या माणसानं कडी लावली तर ती कडी पुसते. पाणी प्यायच्या आधी धुतलेला पेला पुन्हा विसळते.

"जुना माल आहे. धूळ असणारच," मी म्हटलं.

धूळ होती. प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा असतो आणि त्यावर पंखा. त्या पात्यांच्या फटी गच्च भरल्या होत्या. राखाडी, दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा जाड थर. मी चिमट्यानं ओढला तर तो अखंड बाहेर आला. मऊ होता. किंचित दमट.

आणि तो नुसता धुळीचा नव्हता.

त्यात केस होते. आखूड, पांढरे, राठ. कातडीचे पापुद्रे होते, कोंड्यापेक्षा मोठे. आणि चंद्रकोरीसारखे, पिवळट, काहीतरी कडक तुकडे. मी एक उचलून उजेडात धरला...

नख होतं.

कापलेलं नव्हतं. दातांनी तोडलेलं होतं. दातांच्या खुणा दिसत होत्या.

मला ओकारी आली. मी बेसिनपर्यंत पोचलो, नशीब. परत येऊन जुना टूथब्रश घेतला आणि सगळं खरवडून कागदात गुंडाळून फेकून दिलं. ताई खोलीबाहेर उभी राहून म्हणत होती, "राहू दे रे, परत दे जाऊन." पण शनिवार डोळ्यांपुढे होता. फर्निचरवाला काही ताईला नमदा होता म्हणून मुदत वाढवून देणार नव्हता.

पंखा हातानं फिरवून पाहिला. आत काहीतरी घासत होतं. म्हणजे उघडणं आलं.

चष्मेवाल्या दुकानदारानं उघडू नका म्हटलं होतं. पण आपण इंजिनिअर ना! मी चारही स्क्रू काढले.

प्रोसेसर आणि तो ठोकळा यांच्या मधे एक पेस्ट लावतात. उष्णता पुढे जावी म्हणून. ती पांढरी किंवा करडी असते आणि जुनी झाली की वाळून खपली धरते. हा सेट कितीतरी महिने दुकानात पडून होता. पेस्ट खडखडीत वाळलेली असायला हवी होती.

ती ओली होती.

पिवळट, चरबीसारखी. बोट लावलं तर कोमट लागली.

उन्हानं असेल, मी मनाला समजावलं. खिडकीतून ऊन येतच होतं.

खरं तर ती पुसून टाकून नवी लावायची असते. पण नवी पेस्ट घरात नव्हती, रविवारी दुकान बंद, आणि तेवढ्यासाठी वेगळे पैसे घालायचं जिवावर आलं. काटकसरीनं मशीन जोडणारे सगळेच ही चूक करतात. मीही केली. तीच पेस्ट बोटानं गोळा केली, मधोमध ठेवली आणि बोटानंच पसरून ठोकळा परत दाबून बसवला.

दाबताना बाजूनं थोडी बाहेर आली.

हात मी कितीदा धुतले याला गणती नाही. नखाखालचा वास गेला नाही. जेवायला बसलो आणि उठलो.

संध्याकाळच्या आत मशीन जोडून झाली. बटण दाबलं.

पंखे फिरायच्या आधी एक आवाज आला...

कुणीतरी खूप वेळ दम कोंडून मग श्वास आत ओढावा, तसा. लांब. आतल्या आत.

मग पंखे गरगरले आणि पडदा उजळला.

आणि काय सांगू, मशीन पळत होती! जे चित्र व्हायला भात शिजायचा, ते ताईनं पाणी पिऊन येईपर्यंत तयार. ताई लहान मुलीसारखी टाळ्या वाजवायला लागली. "इंजिनिअर, तू चक्क इंजिनिअर निघालास!" तिला इतकं खूश मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. माझीही छाती फुगली. वासाचं मी विसरून गेलो. खरं म्हणजे, विसरायचं ठरवलं.

ताई कामाला जुंपली. सकाळी बसली की दुपारपर्यंत उठायची नाही. मशीन तापली की वास यायचा. ताई खिडकी उघडायची, नाकाला रुमाल बांधायची आणि काम करत राहायची.

बुधवारी ताई झाडू घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चेहरा विचित्र झालेला.

"केर निघत नाहीये," ती म्हणाली.

"मग चांगलंच आहे की!"

"अरे, काहीच निघत नाही. सगळं घर झाडलं. सुपलीत एक कण नाही."

मी हसलो. पण मग बघायला लागलो. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं. स्वच्छ. कपाटावर फिरवलं, जिथं वर्षभराची धूळ असते. स्वच्छ. छताच्या पंख्याच्या पात्यांवर, दाराच्या मागे, पलंगाखाली... काहीच नाही.

आमच्या घरात धूळ उरली नव्हती.

ताईनं तिचा कंगवा आणून दाखवला. तिचे केस लांब आहेत, कंगव्यात रोज गुंता निघतो. कंगवा नवा आणल्यासारखा कोरा होता.

"काल नखं कापली," ती हळूच म्हणाली. "कागदावर ठेवली होती. टाकायला उठले तर कागद रिकामा."

आम्ही दोघांनीही कम्प्युटरकडे बघितलं. पंखा शांतपणे घुं घुं करत होता. पोट भरलेल्या माणसासारखा.

मी मशीन बंद केली आणि कॅबिनेटची बाजू उघडली.

तीनच दिवसांपूर्वी मी ते टूथब्रशनं घासून लख्ख केलं होतं. आता आत जागा उरली नव्हती. बोर्ड दिसत नव्हता. नमद्याचा एक गोळा आत बसला होता, उबदार, दमट. मी हात घातला तर हातभर लांब काळे केस बाहेर आले. ते ताईचे होते. कळत होतं.

पण त्यात पांढरे आखूड केसही होते. विणल्यासारखे एकमेकांत गुंतलेले. आमच्या घरात पांढरे केस कुणाचेही नाहीत.

आणि दातांनी तोडलेली नखं. ओली.

ताईनं ते बघितलं आणि ती धावत बाथरूममध्ये गेली. बराच वेळ तिच्या ओकण्याचा आवाज येत होता. मी बाहेर उभा होतो, दोन्ही हात अंगापासून लांब धरून, आणि मला रडू येत होतं. भीतीनं नव्हे. शिसारीनं. आपल्या माणसाचे केस कुणीतरी चघळून ठेवल्यासारखे आपल्या हातात यावेत, म्हणजे काय वाटतं ते ज्याला आलं त्यालाच कळेल.

मग मला ती गोष्ट दिसली आणि जिवात जीव आला.

मागचा पंखा मी उलटा बसवला होता!

तोच, फुकटात मिळालेला. कॅबिनेटच्या मागचा पंखा आतली गरम हवा बाहेर टाकतो. उलटा बसला की बाहेरची हवा आत ओढतो. नवशिक्याची चूक. म्हणजे घरभरची धूळ हा ओढत होता. बस, एवढंच!

"पांढरे केस?" ताईनं विचारलं.

"आधीचेच कुठेतरी अडकले असतील."

"नखं?"

मी स्क्रूड्रायव्हर उचलला. स्क्रू काढले, पंखा सुलट केला. सगळं साफ केलं. मशीन पुन्हा सुरू केली.

या वेळी श्वास आत ओढल्याचा आवाज आला नाही.

सोडल्याचा आला.

आमच्याकडे स्क्रीनची वायर आखूड आहे. त्यामुळे कॅबिनेट टेबलावरच, पाठ ताईच्या खुर्चीकडे करून ठेवावं लागतं. पंखा सुलट झाला आणि त्याची हवा थेट ताईच्या तोंडावर यायला लागली.

"बरं वाटतंय रे," ताई डोळे मिटून म्हणाली. "उबदार."

तासाभरात वास गेला. खोलीत भरून राहिलेला तो वास पार नाहीसा झाला. मी सुटकेचा श्वास घेतला.

गुरुवारी सकाळी ताईच्या चष्म्यावर राखाडी पूट दिसलं. गालावर, भुवयांत, वरच्या ओठावर. बारीक, तेलकट.

"ताई, तोंड धू."

"हो, धुते ना," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

तिनं ओठावरून जीभ फिरवली. आणि गिळलं.

पेला दोनदा विसळणारी माझी ताई! मी ओला टॉवेल आणून स्वतः तिचं तोंड पुसलं. टॉवेल काळा झाला. ती लहान मुलासारखी मान हलवत होती, मधे येऊ नको म्हणून.

तिचा डावा हात टेबलाच्या कडेवर होता. तिथे चंद्रकोरीसारखे तुकडे ओळीनं मांडले होते. एकापुढे एक. तिची बोटं बघितली. नखं मुळापर्यंत खाल्लेली. एका बोटातून रक्त येत होतं.

ताईनं जन्मात कधी नखं खाल्ली नव्हती.

मी तसाच चपला घालून चष्मेवाल्याकडे गेलो.

मला बघताच तो म्हणाला, "उघडलंत ना?"

"कुणाची मशीन होती ती?"

तो दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला. मी गल्ल्यावर हात आपटला. आजूबाजूची गिऱ्हाईकं बघायला लागली, तेव्हा त्यानं मला मागे नेलं.

"एकटाच राहायचा म्हणे तो माणूस. घरूनच काम करायचा," तो हळू आवाजात म्हणाला. "खुर्चीत बसल्या बसल्या गेला. कुणाला पत्ताच नाही. मशीन चालूच. शेजाऱ्यांना वाटायचं, पंख्याचा आवाज येतोय म्हणजे काम करत असेल. खिडक्या सगळ्या बंद. खोलीत हलणारी हवा एवढीच, त्या मशीनची."

"किती दिवस?"

"ते विचारू नका, दादा." त्यानं चष्मा काढून पुसला. "खोली साफ करायला गेलेला माणूस मला म्हणाला, खुर्चीत होतं त्यापेक्षा मशीनमध्ये जास्त होतं."

मी तिथेच भिंतीला धरून ओकलो.

"आणि हे तुम्ही विकलंत? माणूस आहात का कोण?"

"मी उघडू नका म्हटलं होतं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात लाज होती की नाही, मला सांगता येणार नाही. "आणा परत. पैसे देतो. तुम्ही म्हणाल तेवढे देतो."

घरी आलो ते मशीनची वायर उपटायचीच या विचारानं. ताईनं माझा हात धरला. पकड इतकी घट्ट की बोटं उमटली.

"शनिवारी द्यायचंय. थोडंच राहिलंय. त्यानंतर खुशाल ने."

"ताई, ती मशीन... तिच्यात माणूस..." मी सगळं सांगितलं. एकूण एक.

तिनं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर किळस यायची मी वाट बघत होतो.

आली नाही.

"बिचारा," ती म्हणाली. "त्याचंही काम अर्धंच राहिलं असेल." मग माझ्याकडे बघितलं. "मला त्या घरी परत जायचं नाहीये रे."

सांगा तुम्ही. एकीकडे तो नवरा, दुसरीकडे हा पंखा. दोनच दिवस, मी म्हटलं. दोन दिवसांत काय होतंय. मी रोज तिचं तोंड पुसेन, तिला खिडकीशी बसवेन, रविवारी सकाळी मशीन त्या हलकटाच्या गल्ल्यावर नेऊन आपटेन.

शनिवारी काम पाठवून झालं. फर्निचरवाल्याचा तासाभरात फोन आला. तो हरखून गेला होता. "मॅडम, चित्रं बघून ओट्यावर हात ठेवावासा वाटतो! आजपासून सगळं काम तुमचं."

ताई जिंकली होती. मी तिला मिठी मारायला पुढे झालो आणि थबकलो.

तिच्या अंगाला वास येत होता. खोलीतून गेलेला तो वास कुठे गेला होता, ते तेव्हा कळलं.

रविवारी सकाळी ती आंघोळीला गेली असं समजून मी वायर उपटली. कॅबिनेट उघडलं. चिमटा, टूथब्रश, पिशवी, सगळं घेऊन बसलो होतो.

आत काहीच नव्हतं.

एक केस नाही. एक कण नाही. कारखान्यातून आत्ताच आल्यासारखा बोर्ड चकचकत होता. ठोकळ्याच्या कडेला बाहेर आलेली पेस्टही नव्हती.

पंखा मात्र फिरत होता.

वायर माझ्या हातात होती.

"राहू दे ना," मागून आवाज आला. ताई दारात उभी होती, कोरडी. आंघोळीला गेलीच नव्हती. "चाललंय ना सगळं चांगलं?"

तिनं मान वाकवून केस बांधले, तेव्हा भांगाशी मला पांढरे केस दिसले. आखूड, राठ. एक-दोन नाही. झुपक्यानं उगवलेले. मी वायर परत लावली. मी भित्रा आहे. ताई हसली आणि कामाला बसली.

याला आता बरेच महिने झाले.

मधे तिचा नवरा आला होता, ऐटीत, न्यायला म्हणून. ताईनं दार उघडलं आणि त्याच्याकडे बघून हसली. तो उंबऱ्यावरूनच मागे सरला. रुमाल तोंडावर दाबून जिन्यातून धडपडत खाली गेला. परत फोनसुद्धा नाही. तेवढं एक बरं झालं.

कामाला तोटा नाही. ताई दिवसभर बसून असते. आंघोळ तिनं कधी केली ते मला आठवत नाही. खिडक्या बंद असतात. शेजारच्या काकू भेटल्या की म्हणतात, "तुझी बहीण फार कष्टाळू हो. सतत कम्प्युटरचा आवाज येत असतो."

मी "हो" म्हणतो. आणि जिना चढताना दर वेळी मधल्या पायरीवर थांबतो. आत ती खुर्चीत कशी असेल, बोलेल ना, मान वळवेल ना, या विचारानं. अजून तरी वळवते.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासलं, रक्त घेतलं. सगळं उत्तम आहे म्हणाले. पण बोलताना खुर्ची मागे घेत होते.

हे सगळं तुमच्यापुढे ठेवायचं कारण वेगळंच आहे. ताईचं मी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हतो. पण आज जे झालं त्यानं माझी मला भीती वाटायला लागली.

दुपारपासून मी फोनवर हे टाइप करतोय, आधी नुसतं मन मोकळं करायला म्हणून. बाहेरच्या खोलीत, ताईच्या शेजारी, खिडकी बंद. ताईनं माझं ताट वाढून बाजूला ठेवलं होतं. नख, पेस्ट, नमदा, ओकारी, एकेक आठवून लिहीत होतो आणि एका हातानं जेवत होतो. मजेत. भूक लागली होती.

दाताखाली काहीतरी कडक आलं.

ते काय होतं, मला कळलं. जिभेला आकार कळतो.

मी ते चावलं, गिळलं, आणि पुढचा घास घेतला.